पंपघरातला थेंब

त्या सकाळी मी पंपघर झाडत होते. रोजच्यासारखंच. आधी बाहेरची पायरी, मग आतली फरशी, मग मोटरीच्या पायाशी साचलेलं पाणी फडक्यानं निपटून बादलीत. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडून आत पाल शिरलीय का ते बघायचं, कारण पाल चिकटली की पेटी जळते. खिडकीत कबुतरं काटक्या आणून टाकतात, त्या काढायच्या. मग स्टोव्हवर चहा. चहाला उकळी येईपर्यंत किसनभाऊंची सायकल यायची. त्या दिवशीही आली. पण भाऊ लगेच आत आले नाहीत. पायरीवरच टेकले. म्हणाले, "सुमनबाई, आज तूच चालू कर."

मी चालू केली. पाणी वर चढलं. काही वेळानं लाईट गेली, मोटर थांबली, भाऊ सायकल हातात धरून चालत घरी गेले. दुपारी भाऊ गेल्याचा निरोप आला.

मंडळी, आधी नमस्कार करायचा असतो, तो राहिला. तुम्हा सगळ्यांना नमस्कार. हौसावहिनी, भाऊंच्या घरच्या म्हणून तुम्हाला वेगळा नमस्कार. परवा घाटावर दशक्रिया विधी झाला, तिथंही माईक होता, तिथंही सगळे बोलले. तिथं बायकांच्या हातात माईक येत नाही. आज वहिनींनी सांगितलं की सुमनला बोलू द्या, म्हणून मी इथं उभी आहे. मला भाषण येत नाही. पण बोलले नाही तर घरी जाऊन मलाच झोप लागायची नाही.

माझ्याआधी सगळे चांगलं बोलले. कुणी म्हणालं, किसनभाऊंना देवानं कान दिला होता. कुणी म्हणालं, त्यांच्या हाताला जादू होती. चेअरमनसाहेब म्हणाले, असा माणूस घडवता येत नाही, तो जन्मालाच यावा लागतो. मी मागं बायकांत बसून ऐकत होते आणि खरं सांगते, मला राग येत होता. शोकसभेत राग येऊ नये. पण आला. अजून आहे.

का आला ते सांगते. किसनभाऊ जन्मले तेव्हा आपल्या वाडीत एकही मोटर नव्हती. मग देवानं कान दिला तो काय ऐकायला?

बाहेरगावचे पाहुणे आलेत, त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. येडगावच्या धरणाचा फुगवटा आपल्या वाडीखाली येतो. तिथून पाणी उचलून वरच्या हौदात टाकायचं आणि हौदातून सगळ्यांच्या शेतात सोडायचं, अशी आपल्या संस्थेची उपसा योजना. पाणी उचलणारी मोटर ज्या खोलीत आहे ते पंपघर. ते पंपघर बांधलं तेव्हा किसनभाऊ वाळूच्या पाट्या वाहत होते. लग्न झालेलं, पोरं झालेली. मोटर बसवायला शहरातून मिस्त्री आला होता. जाताना म्हणाला, हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. आणि त्या वेळच्या मंडळींनी विचारलं, रोज इथं बसणार कोण? पाट्या वाहायला येणाऱ्यांत भाऊंचं घर सगळ्यात जवळ. म्हणून भाऊ. हे त्यांचं निवडलं जाणं, आणि हिरवं-लाल हे त्यांचं शिक्षण.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मोटर जाळली. धरणाचं पाणी खाली गेलं, नळाचं तोंड गाळात उघडं पडलं, मोटर नुसती हवा ओढत राहिली आणि भाऊ बाहेर चिंचेखाली झोपलेले. हे मला त्यांनीच सांगितलं. हसत नाही, चिडून सांगितलं. नारायणगावात मोटर भरायला टाकली होती, तिथं हे रोज जाऊन बसायचे. दुकानदार म्हणायचा, "भाऊ, घरी जावा, झाली की निरोप धाडतो." भाऊ म्हणायचे, "घरी जाऊन काय करू? सगळ्या वाडीच्या शिव्या खाऊ?" म्हणून तिथंच बसले. बसल्या बसल्या तारा कशा भरतात ते बघितलं, बेरिंग कसं बसवतात ते बघितलं. दुकानदाराला पाना दे, फडकं दे, असं करत करत शिकले.

तेव्हा मंडळी, कान देवानं दिला नव्हता. जळालेल्या मोटरीनं दिला होता, आणि शिव्यांच्या भीतीनं दिला होता. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. मला हेच मोठं वाटतं. देणगी होती, जादू होती, असं म्हटलं की आपण सगळे मोकळे होतो. देणगी काय, शिकताही येत नाही आणि शिकवताही येत नाही. माणूस गेला की हार घालायचा आणि म्हणायचं, गेलं हो सगळं त्यांच्याबरोबर. आज इथं किती जण हेच म्हणाले. गेलं त्यांच्याबरोबर. आता वाडीचं कसं होणार.

थांबा. त्यावर येते मी.

माझे मालक भाऊंच्या हाताखाली कामाला होते, हे वाडीला ठाऊक आहे. ते गेल्यावर संस्थेनं मला त्यांच्या जागी घेतलं. त्यांच्या जागी म्हणजे त्यांचं काम नाही. झाडलोट, चहापाणी, कुलूप उघडणं, कुलूप लावणं. त्याचाही आधार झाला, नाही म्हणत नाही. पण दिवसभर एका खोलीत एक यंत्र चालतंय आणि आपण त्याच्या पायाशी झाडू मारतोय, तर माणूस किती दिवस नुसता झाडूच मारील?

माझं माहेर लोणीचं, आंबेगावच्या पूर्वेकडचं. माझ्या लहानपणी तिथं पाणी म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगू. तोंड धुतलेलं पाणी भाजीच्या आळ्यात जायचं. गळका नळ दिसला की माझा हात आपोआप तिकडं जातो, अजून जातो. आणि इथं पंपघरात आल्यापासून बघत होते, मोटरीच्या पुढं पंप आहे, पंपातून जो दांडा बाहेर येतो त्याच्या भोवती एक पितळी कडं आहे, त्याला ग्लँड म्हणतात, आणि त्या ग्लँडमधून सारखा थेंब थेंब पडायचा. माझी फरशी ओली व्हायची. रोज पुसायचं, रोज ओली. मला वाटलं, एवढा मोठा मिस्त्री माणूस आणि एवढी साधी गळती दिसत नाही यांना? एक दिवस भाऊ वर हौदाकडं गेले होते. मी पाना घेतला आणि कड्याचे दोन्ही नट आवळले. चांगले दम लावून आवळले. थेंब थांबला. मी फरशी कोरडी पुसली आणि लई समाधानानं चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत दोरी जळाल्याचा वास सुटला. मला वाटलं स्टोव्हचा आहे. तेवढ्यात भाऊ पळत आले. हौदात पाण्याची धार बारीक झालेली त्यांनी वरून बघितली होती. त्यांनी लाल बटण दाबलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"कुनी आवळलं हे?"

"मी. गळत व्हतं."

"अगं आये, ते गळायलाच पायजे. त्या पाण्यावर दांडा थंड ऱ्हातो. आत दोरी हाय, ती कोरडी पडली की दांडा धरती. जाळली असतीस की आज."

"मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"तू झाडायला हाईस. तुला काय सांगायचं?"

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जळालेली दोरी काढून नवी कशी भरायची ते दाखवलं. सॉरी म्हणण्याची त्यांची ती रीत असावी. "नट हातानं आवळ," म्हणाले, "पान्यानं न्हाई. मंग अर्धा आटा पान्यानं. आन् मंग थेंबाकडं बघ. धार लागली तर सैल हाय. थांबला तर जास्त झालं. थेंब पडला पायजे."

मी वाचणारी बाई आहे, हे काही जणांना माहीत आहे आणि त्यावर काही जण हसतातही. शाळा सातवीत सुटली. पुढं पुड्याचे कागद वाचले, पोरांची पुस्तकं वाचली, वाचनालयातली वाचली. पंपघराच्या फळीवर त्या पंपाचं माहितीपुस्तक पडलेलं होतं, उंदरानं कडा खाल्लेलं. त्यात मागं थोडी पानं मराठीत होती. मी ती काढून वाचायला बसले. त्यात एक ओळ होती की ग्लँडमधून थोडी गळती आवश्यक आहे. बघा, एवढी सरळ ओळ. मी ती भाऊंना वाचून दाखवली. म्हटलं, "हे बघा, पुस्तकात व्हतं की." भाऊ म्हणाले, "मंग त्या पुस्तकालाच सांग मोटर चालू करायला."

मी त्या ओळीवर फार विचार केला. ती ओळ मी आधी वाचली असती तर मला समजली असती का? नसती. आवश्यक म्हणजे किती, थोडी म्हणजे किती, ते वास आल्यावर कळलं. पण नुसता वास आला असता आणि कुणी सांगितलं नसतं, तर मी एवढंच शिकले असते की पान्याला हात लावायचा नाही. बहुतेक बायका हेच शिकतात. पुरुषही शिकतात. मोठेपणी एकदा हात पोळला, कुणीतरी हसलं, की माणूस त्या कामाकडं परत जात नाही. लहान मूल पडलं तर आपण उचलतो, माती झाडतो, परत चालायला लावतो. चाळिशीतली बाई चुकली तर म्हणतो, तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? मला सांगा, मोठ्या माणसानं शिकायचं कसं? त्यानं चुकायचं कुठं?

भाऊ शिकवायला वाईट होते. हो, वहिनी हसताहेत, त्यांना ठाऊक आहे. एकच शब्द यायचा त्यांना. ऐक. मोटरीला लाकडाचा दांडका लावायचा, दुसरं टोक कानाच्या हाडाला, आणि ऐक. मी विचारायचे, "काय ऐकू?" म्हणायचे, "ते मला सांगता यायचं न्हाई. ऐक." मी ऐकायचे. मला नुसती घरघर यायची. मी म्हणायचे, "घरघर येती." ते म्हणायचे, "कालच्यापेक्षा येगळी हाय का?" आता काल मी ऐकलंच कुठं होतं?

असं किती महिने गेले. मला चीड यायची. एखाद्याला येतंय, समोर बसलाय, आपल्याला शिकायचंय, आणि मधे शब्दच नाही. मग मी माझे शब्द लावायला सुरुवात केली. बेरिंगला ग्रीस कमी पडलं की जातं रिकामं ओढल्यासारखा आवाज येतो. मी त्याला म्हणायला लागले, जातं रिकामं आहे. नळात हवा शिरली की पंपात कुणी खडी चाळतंय असं वाटतं. ती खडी. सगळं नीट असलं की तव्यावर भाकरी शेकल्याचा बारीक आवाज असतो ना, तसा. ती भाकरी. भाऊ आधी खूप हसले. "ह्ये पंपघर हाय का सैपाकघर?" पण एक दिवस सायकलवरून उतरता उतरता आतला आवाज ऐकून तेच म्हणाले, "सुमनबाई, आज खडी का गं येतीया?"

मंडळी, त्या दिवशी मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. मी वळून स्टोव्हकडं तोंड केलं. मला येत होतं, आणि समोरच्याला आता माझ्या शब्दांत बोलायला लागत होतं. माणूस शिकतो म्हणजे दुसऱ्याचं घेतो एवढंच नाही. ज्याच्याकडून घेतो त्यालाही थोडं बदलतो.

त्यानंतर नळाच्या जोडावर कुठं हवा ओढतंय ते मी शोधायला लागले. शेण-माती कालवून जोडावर लिंपायची, जिथं आत खेचली जाईल तिथं फट. पाणी खाली गेलं की नळाला तुकडा जोडायला फुगवट्यात कमरेपर्यंत उतरायचं, तेही मी केलं. वाडीतले लोक रस्त्यानं जाता जाता विचारायचे, "काय सुमनबाई, आज मोटर पण झाडून काढली का?" मी म्हणायचे, "हो राव, तुमच्या उसाकडं जाणारं पाणी पण झाडून देते." हसायचे आणि जायचे. हसण्याचं काही नाही. पण त्यांना वाटायचं ती गंमत आहे. ती गंमत नव्हती.

आता जे सांगणार आहे ते सांगू का नको, असं रात्रंदिवस मनात चाललंय. वहिनी, राग मानू नका.

मागच्या उन्हाळ्यात टोमॅटोला पाणी हवं होतं आणि मोटर पाणी उचलत नव्हती. भाऊंचे गुडघे दुखत होते, ते खुर्चीवर बसलेले. मी खाली जोडाशी. फट सापडली होती, पाना माझ्या हातात, नट आवळत होते. बाहेर गाडी थांबली. चेअरमनसाहेब आणि कमिटीची माणसं. भाऊ खुर्चीवरून उठले, ज्या गुडघ्यांनी त्यांना उठता येत नव्हतं त्या गुडघ्यांनी उठले, माझ्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, "जा, चहा ठेव."

मी चहा ठेवला. भाऊंनी उरलेला नट फिरवला, हिरवं बटण दाबलं, पाणी चढलं. साहेब तुम्ही म्हणालात, आठवत असेल, "किसनभाऊ, काय जादू हाय राव तुमच्या हातात." भाऊ काही बोलले नाहीत. मी कप भरत होते.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, बोलला का न्हाई?"

त्यांनी पाना फळीवर ठेवला. मग म्हणाले, "बोललो असतो तर तुला हितून काढली असती. झाडनारीच्या हातात पाना दिला म्हनून मलाबी बोलले असते."

"आन् न्हाई बोलला तर मी काय झाले?"

त्यांनी चहाचा कप धुऊन ठेवला. एरवी ते कप धुवायचे नाहीत.

मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांनी माझी नोकरी राखली, का स्वतःचं नाव राखलं? दोन्ही असेल. माणूस एका वेळी दोन्ही करतो. पुढंही एकदा त्यांना संधी आली होती. कमिटीनं विचारलं होतं, भाऊ, तुमच्यानंतर कोण? सांगता आलं असतं, सुमनला येतंय. ते म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी रागावले होते, ठरवलं होतं की एकदा बसून भांडायचं. नीट भांडायचं. आता कुणाशी भांडू? फोटोशी? फोटोला हार घातलाय, त्याच्याशी भांडता येत नाही. गेलेल्या माणसाचं हे सगळ्यात वाईट. तो बरोबर होता का चूक, ते तो घेऊन जातो आणि आपण आपलं अर्धं भांडण घेऊन बसतो.

पण एक सांगते. दांडका कानाला लावायला त्यांनीच दिला. दोरी भरायला त्यांनीच शिकवली. वाडीत दुसऱ्या कुणी मला पान्याचं नावही सांगितलं नसतं. ज्या माणसानं चारचौघांत माझ्या हातातून पाना काढून घेतला, त्याच माणसानं चारचौघं नसताना रोज माझ्या हातात दिला. मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे आणि मी त्यांच्यावर रागावलेली आहे. दोन्ही खरं आहे. 'एकच काय ते सांग' असं मला कुणी म्हणू नका.

आता तुमच्याकडं येते.

चेअरमनसाहेबांनी मघाशी जाहीर केलं की पंपघराला किसनभाऊंचं नाव देणार. द्या. चांगलंच आहे. मग ते म्हणाले, वाडीची मोठी पंचाईत झालीय, बाहेरून माणूस बघावा लागणार, तोपर्यंत सगळ्यांनी सांभाळून घ्या. सगळ्यांनी मान हलवली. मी मागून बघत होते, एकूणएक मान हलली.

मला एक विचारायचंय. भाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत पाण्याची एक तरी पाळी चुकली का? कुणाचा वाफा कोरडा राहिला का? वाफ्याला पाणी द्यायला दारं धरलीत ना रोज? सरीत पाणी आलं ना? ते कुणी सोडलं?

बघा. चेअरमनसाहेबांना वाटलं सेक्रेटरींनी शेजारच्या योजनेचा माणूस लावला. सेक्रेटरींना वाटलं साहेबांनी लावला. आणि तुम्हाला वाटलं, पाणी येतंय म्हणजे कुणीतरी आहे. कुणीतरी. सकाळी दारं धरायला जाताना पंपघरावरून गेलात, दार उघडं होतं, मी आत होते. तुम्ही मला बघितलं आणि तुम्हाला वाटलं, झाडतीय.

मला सत्कार नको. शालनारळ नको, आणि कुणाची मान खाली जावी म्हणूनही मी हे बोलत नाही. बाहेरून माणूस आणायचा असेल तर आणा. शिकलेला आणा, ते तर चांगलंच, त्याला येतं ते मला शिकायचंय. पण आपल्या नळाचा कुठला जोड हवा ओढतो, गाळ कुठं साचतो, आपल्या मोटरीची भाकरी कशी वाजते, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल. ते मी सांगीन. सांगणारी म्हणून बोलवा, चहा ठेवणारी म्हणून नको. आणि कमिटी आली तर माझ्या हातात पाना असेल तर तो माझ्या हातातच राहू द्या. एवढंच मागते. भाऊंच्या नावाची पाटी लावताय ना, तर त्या पाटीखाली एवढं होऊ द्या.

आणि बायांनो, तुम्हाला सांगते, मागं बसलेल्या. ज्यांना बघायचंय त्यांनी या. सकाळी झाडून झालं की या. मी नुसतं 'ऐक' म्हणणार नाही. काय ऐकायचं तेही सांगीन. माझ्याकडं शब्द आहेत आता. चुकलात तर हसेन थोडी, पण परत पाना देईन.

फार बोलले. सुरुवातीला त्या सकाळचं सांगत होते, त्यातलं एक मधलं राहिलं. ते सांगते आणि बसते.

मी मोटर चालू केल्यावर भाऊ पायरीवरून उठून आत आले. थोडा वेळ उभे राहिले. मग पाना घेतला आणि ग्लँडचे नट आवळले. मला वाटलं थोडे आवळतील. ते आवळतच गेले. थेंब थांबला. मी बघत राहिले. इतक्या वर्षांत मला रागावून रागावून टाळायला शिकवलेली चूक, तीच, त्यांच्या हातून.

मी म्हणाले, "भाऊ, थेंब थांबला."

त्यांनी कड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात लाईट गेली आणि मोटर आपोआप थांबली. म्हणाले, "तुला दिसलं ना? मंग झालं. लाईट आली की तू सैल कर." पाना फळीवर ठेवला नाही. माझ्या हातात दिला. आणि गेले.

लाईट त्या दिवशी आलीच नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. हात जोडायचे त्यांनी जोडा. पण डोळे मिटलेत तरी कान उघडे ठेवा. खाली फुगवट्यावर मोटर चालू आहे, इथून ऐकू येते. जो आवाज येतोय तो नीट असल्याचा आहे. भाऊ, तुम्हाला माझा नमस्कार.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपघर उघडलं. पायरी झाडली, फरशी झाडली, स्टार्टरच्या पेटीत पाल नाही ते बघितलं. पाना घेऊन दोन्ही नट अर्धा-अर्धा आटा सैल केले. मग हिरवं बटण दाबलं आणि थेंब पडेपर्यंत तिथंच उभी राहिले.